न सांगता येणाऱ्याचं टेबल

“एक टेबल कायम मोकळं ठेव गं, न सांगता येणाऱ्यासाठी.” सासूबाईंना दिलेला तो शब्द सूनबाईने हॉटेलात बारा वर्षं पाळला होता. आज लेकीने बनवलेली वेबसाइट सुरू झाली आणि दुपारपर्यंत संध्याकाळची आठही टेबलं बुक झाली.

“आई, हाऊसफुल्ल!” लेक नाचतच आली.

“आठही? अगं, आणि आजीचं टेबल?”

लेकीने जीभ चावली. “ते वगळायचंच राहिलं! आता कुणाला नाही म्हणू?”

“कुणालाच नको. उद्यापासून सातच दाखव.”

“आणि आज कुणी अचानक टपकलं तर?”

“तर आपण घरी जमिनीवर मांडी घालून जेवू,” ती हसली आणि वरच्या घरातलं जेवायचं टेबल खाली आणायला हळूच जिना चढू लागली.