खिळ्यापासून खिळ्यापर्यंत

"ओल नाही ना?" ताईंनी पुन्हा विचारलं.

विमावाला स्टुलावर उभा राहून चित्रामागची भिंत तळहाताने चाचपत होता. "खडखडीत आहे, ताई. तुमच्या भिंतीला साधी सर्दीही होत नाही."

एरवी ताई हसल्या असत्या. आज नुसत्या खिडकीची कडी ओढून पाहू लागल्या.

तो दरवर्षी यायचा. चित्र निरखायचा, फोटो काढायचा आणि बाजारभाव बघून विम्याची रक्कम नवी करायचा. लोक पेपरात खेळाचं पान उघडतात, हा लिलावाच्या बातम्या शोधायचा. बायको म्हणायची, "घेणं ना देणं, आणि चेहरा असा, जसं काही आपल्याच घरचं विकलं गेलंय!" घरात त्यांच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं, तेवढंच.

ताईंचं चित्र त्याच्या हाती आलेलं पहिलं चित्र. त्याआधी तो दुकानांचे आणि स्कूटरचे विमे उतरवायचा. ताईंची आई एका चित्रकाराकडे स्वयंपाकाला होती. एका दुपारी त्याने तिला चुलीपाशी बसलेलं रंगवलं आणि पुढे ते चित्र तिलाच देऊन टाकलं. तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. विमावाला पहिल्यांदा आला तेव्हा लांबी-रुंदी मोजून निघाला होता. ताईंनी त्याला थांबवलं. "असं लगेच चेहऱ्याकडे धावू नका, भाऊ. आधी हात बघा. दमलेत की नाही?" त्याने बघितलं. खरंच दमले होते. त्यानंतर कितीतरी घरांत, कितीतरी चित्रांसमोर तो आधी हात शोधायचा. कचेरीत म्हणायचे, याला नजर आहे. ती कुणी दिली हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

स्टुलावरून उतरून तो म्हणाला, "ताई, चित्रकार गेल्यापासून त्यांचे भाव आभाळाला भिडलेत. परवाच्या लिलावात एक लहानसं चित्र गेलं, आकडा ऐकून मीच खाली बसलो. तुमच्या चित्राचंही त्यांच्यावरच्या पुस्तकात नाव आहे. 'प्रतीक्षा' म्हणतात."

"कसली प्रतीक्षा?" ताई उखडल्या. "दूध उतू जाईल म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलीय ती!"

दोघंही हसले. मग त्याने घसा साफ केला. "रक्कम वाढवावी लागेल. हप्ताही वाढेल."

"जुनीच राहू दे."

"मग काही झालं तर अर्धीमुर्धीच भरपाई मिळेल."

"आणि पुरी मिळाली तर? दुसरी आई आणू?"

कॅमेरा पिशवीत ठेवताना त्याची नजर दाराकडे गेली. वरच्या बाजूला नवा अडसर होता. त्याखाली गेल्या वर्षीचं कुलूप, त्याखाली आणखी एक.

"बाहेर जाता की नाही, ताई?"

"भाजीपुरती. तीही शेजारीण आणते हल्ली. परवा एक दलाल फुलं घेऊन आला होता. नजर सारखी भिंतीवर." त्यांनी अडसर चाचपून पाहिला. "धाकटीचं ऑपरेशन झालं. पाठची बहीण माझी, पण गेले नाही. घर टाकून कशी जाणार?"

दरवर्षी त्याने आकडा वाढवला होता आणि दरवर्षी या बाईने दाराला एक कडी वाढवली होती.

"ताई, रागावू नका. संग्रहालयाला सांभाळायला द्या. मालकी तुमचीच. विमा त्यांचा, पहारा त्यांचा. हवं तेव्हा परत मागा."

ताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्हीही त्या फुलवाल्यासारखेच." त्यांनी दार उघडून धरलं. तो बाहेर पडला.

आठवडाभर त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. मग एका सकाळी फोन आला. "भाऊ, तिथे ऊन नाही ना येत? तिला डोळ्यांवर ऊन सोसायचं नाही."

संग्रहालयाची माणसं हातमोजे घालून आली. वाटेतल्या जोखमीचा कागद विमावाल्याने स्वतः करून आणला होता. त्याने ताईंना समजावलं, "याला खिळ्यापासून खिळ्यापर्यंत म्हणतात. इथल्या खिळ्यावरून उतरल्यापासून तिथल्या खिळ्याला लागेपर्यंत जबाबदारी आमची."

"आणि मी?"

"तुम्ही पुढच्या सीटवर."

वाटेत खड्डा आला की त्या मागे वळून बघायच्या. चालक म्हणाला, "आजी, अंडी घेऊन जातो तेव्हाही एवढा सांभाळून चालवत नाही." तेव्हा कुठे त्यांनी पदराने डोळे टिपले आणि त्या हसल्या.

चित्र लागलं. दालनात मंद उजेड होता, ऊन नव्हतं. ताई दूरवरून बघत राहिल्या. घरात एवढं लांब उभं राहायला जागाच नव्हती.

"मोठी दिसते हो," त्या हळूच म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या. "भाऊ, त्या दिवशी मी वेडंवाकडं बोलले. तुमचे उपकार आहेत."

"माझे कसले उपकार? कमिशन गेलं माझं!" तो हसून म्हणाला. "ताई, मी पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही थांबवलं नसतंत, तर मी जन्मभर चौकटीच मोजत राहिलो असतो."

त्याने त्यांना बहिणीच्या गावच्या बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून त्यांनी पाण्याची बाटली तेवढी मागून घेतली, आणि बस सुटली.

घरी जायचं सोडून तो संग्रहालयात परतला. काम काहीच नव्हतं. मोजायची टेप पिशवीतच राहिली. चित्रासमोरच्या बाकावर तो नुसता बसून राहिला. थोड्या वेळाने हातात शाळेचं दप्तर आणि कडेवर पेंगुळलेलं मूल घेऊन एक बाई आली. चित्राकडे बघत उभी राहिली.

"कोण हो ही?" तिने विचारलं.

"आमच्या ताईंची आई," तो म्हणाला, आणि तिला बसता यावं म्हणून थोडा सरकला.