चव्वेचाळिसावा इंच

मित्रांनो, जिच्या अंगावर चव्वेचाळीसचा आकडा उरलेला नाही, ती शिंप्याची जुनी टेप मी. पिवळ्या मेणकापडाची, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या. कारखान्यात माझ्यासारख्या हजारो बहिणी होत्या, पण माझ्यातच ही खोड कुठून आली देव जाणे. मापासाठी ताणली गेले की ज्या अंगाला लागेन त्याचा शेवटचा दिवस मला कळतो. म्हातारपणी माणूस आटतो. ज्याला म्हातारपण लाभणार, त्याच्या छातीवर मी दोन-तीन इंच आपोआप सैल पडते. आणि मरण दारात असेल, तर जिथे घाव बसणार तिथे एकदाच चटका देते.

हे फक्त माझ्या शिंप्याच्या, मास्तरांच्या बोटांना कळायचं. तीस वर्षं त्यांनी मला गळ्यात वागवलं, पण कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. ज्याच्यावर मी सैल पडत नसे, त्याचे कपडे तेवढे ते आधी शिवून द्यायचे. शिंप्याच्या 'उद्या'ची लोक चेष्टा करतात, पण मास्तरांचा उद्या खरोखर उद्याच उजाडायचा. गिऱ्हाइकं त्यांचं कौतुक करायची आणि मी गळ्यात मिरवायचे.

मास्तरांना सवय मात्र एक वाईट होती. घाईत असले की मला गळ्यातून न काढताच माप घ्यायचे. एक टोक गिऱ्हाइकाभोवती, उरलेली मी त्यांच्याच छातीवर.

"बाबा, आधी टेप काढा ना!" लेक ओरडायची. "तुम्ही आणि गिऱ्हाईक एका दाव्याला बांधल्यासारखे दिसता."

दोन वर्षं घरी बसलेल्या जावयाला बँकेत नोकरी लागली, दारावर बंदूक घेऊन उभं राहायची. गणवेशाशिवाय हजर करून घेत नव्हते. मास्तरांना काय आनंद झाला! त्या आनंदात गणवेशाचं माप घेताना त्यांनी मला गळ्यातून काढलंच नाही. माप आलं अडतीस. मी अशी अडकलेली, सैल पडायला जागाच नव्हती. आणि चटका बसला.

"काय झालं बाबा?" जावयाने विचारलं.

"काही नाही. सुई टोचली."

मित्रांनो, चटका चव्वेचाळिसाव्या इंचावर बसला होता. जावयाची छाती अडतिसावरच संपत होती. पुढची मी कुणाच्या छातीवर होते, हे मास्तरांनी पाहिलंच नाही. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

गणवेश तीन दिवसांत शिवून झाला, कारण अर्धवट काम टाकणं त्या हातांना ठाऊकच नव्हतं. मग मास्तरांनी तो अस्तराच्या कापडाखाली दडवला. जावई रोज विचारायचा. कधी काजं राहिलेली असायची, कधी बटणं मिळत नसायची.

शेवटी लेकीला रडू फुटलं. "जगाचे कपडे वेळेवर देता, आणि आमच्याच पोटावर पाय का, बाबा? उद्या हे हजर झाले नाहीत तर दुसऱ्याला घेणार आहेत."

मास्तर उठले आणि तडक बँकेत गेले. मी गळ्यातच होते. त्यांनी साहेबांपुढे हात जोडले. "जावयाला आत कुठेही बसवा, साहेब. दारावर नको. बंदूक नको."

साहेब काही बोलणार, तेवढ्यात तोंडं बांधलेले दोघं आत शिरले. कुणीतरी किंचाळलं, आणि दोघांतला एक दचकला. गोळी मला भेदून मास्तरांच्या छातीत शिरली.

दुकान आवरताना लेकीला गणवेश सापडला. काजं, बटणं, इस्त्री, सगळं झालेलं. "तयार होता, मग खोटं का बोलले?" ती विचारत राहिली. जावयाने ती नोकरी धरलीच नाही. आता दोघं मिळून दुकान चालवतात.

परवा लेकीने नवऱ्याच्या शर्टाचं माप घेतलं. आठवणीने मला आधी गळ्यातून काढलं. मी त्याच्या छातीभोवती फिरले आणि चांगली तीन इंच सैल पडले. म्हातारा होणार आहे तो, मित्रांनो. वाकून, आटून, काठी टेकत जाणार आहे.

"ही टेप कामातून गेली," लेक म्हणाली. "भोक पडलंय, वर सैलही पडते. नवी आणायला हवी."

जुन्या वस्तू फेकू नका, असं मी सांगणार होते. पण माझं राहू द्या. आपल्या माणसाविषयीची भीती मात्र मनात दडवून ठेवू नका. मास्तर लेकीपाशी एकदा जरी बोलले असते, तरी तिने पहिलाच प्रश्न विचारला असता, "बाबा, माप घेताना टेप गळ्यातून काढली होती का?"