मयताच्या घरची चूल

धाकटी बहीण हनान लग्न होऊन इर्बिदला गेली, त्याच वर्षी मुहन्नदने फोनवरून घरगुती जेवण पोचवायचा धंदा काढला. अम्मानच्या अश्रफिया टेकडीवरच्या बायका आपापल्या घरी रांधायच्या आणि त्याच्या मोटरसायकली डबे घेऊन शहरभर धावायच्या. धंदा असा फोफावला, की मुहन्नदचा फोटो पेपरात आला आणि आई वस्फियाला त्याने खल्दा या श्रीमंत वस्तीतल्या नव्या फ्लॅटात आणलं.

टेकडीवरच्या जुन्या घरातून वस्फियाने फारसं काही आणलं नाही. निळ्या काठाचं एक ताट मात्र उराशी धरून आणलं. ते शेजारच्या उम्म सारीचं; तीही मुहन्नदसाठी रांधायची. तीस वर्षं ते या दारातून त्या दारात फिरत होतं, एकदाही रिकामं गेलं नव्हतं. शेजारणीला रिकामं ताट धाडणं म्हणजे तुझं-माझं संपलं म्हणून सांगणं. आता ते भरायची पाळी वस्फियाची होती.

"दे की भरून. माझ्या गाड्या तिकडे जातातच," मुहन्नद म्हणायचा.

"मी जाईन स्वतः. ती काय तुझं गिऱ्हाईक आहे?"

जायचं राहूनच गेलं.

एका गुरुवारी संध्याकाळी दुबईहून धंद्यात पैसा घालणारे पाहुणे जेवायला आले. मुहन्नदने आपल्याच बायकांकडून मकलूबा, वांगी-मटणाचा उपडा भात, मागवला होता. परातीत पातेलं उपडं केलं, वाफ उठली. वस्फियाने पहिला घास घेतला आणि तिचा चेहरा उजळला. तळलेली वांगी, दालचिनीचा जरा सढळ हात. ही उम्म सारीच! तिने लगेच फोन लावला. तिच्या मुलीने, सवसनने, उचलला.

"सवसन, आईला म्हणावं, तुझे हात सलामत राहोत. पाहुणे बोटं चाटताहेत!"



"खाला, बाबा गेले. सकाळीच. दुपारी माती दिली."

"अगं, मग हा मकलूबा कुणी केला?"

"आईनेच."

मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही. शेजारीपाजारी जेवण आणतात. त्या घरात आज वांगी तळली गेली होती, आणि ती हिच्या मुलाच्या पाहुण्यांसाठी. वस्फियाने हातातला घास परत ठेवला. तिने मुहन्नदला स्वयंपाकघरात ओढलं.

"तुला ठाऊक होतं?"

"अल्लाची शपथ, नाही यम्मा. कुणी काय करायचं ते फोनच ठरवतो. तिने नाही म्हणायचं होतं."

"नाही म्हटलं की काय होतं?"

त्याने फोन चाळला. "तिसऱ्यांदा नाही म्हटलं की नाव खाली जातं, काम येत नाही. तिने दोनदा म्हटलंय... नवरा इस्पितळात होता तेव्हा."

"आणि घरात मयत झालं, हे तिने कुठे कळवायचं?"

"त्याला बटण नाही. घालू या. उद्याच घालू."

"घाल हो. आणि आधी पाहुण्यांना सांग, नवं बटण काढलंय म्हणून."

तिने मसूर-भात शिजवला, निळ्या ताटात भरला आणि टॅक्सी करून टेकडीवर गेली.

बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोपऱ्यातली एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटली, "नवऱ्याची माती ओली, आणि हिची कढई तापलेली." उम्म सारी मान खाली घालून होती. वस्फियाने तिला मिठी मारली, तर काळ्या बाहीला तळणाचा वास.

"मला माहीत नव्हतं गं. खरंच नव्हतं."

उम्म सारीने ताट घेतलं, बाजूला ठेवलं. "मकलूबा सुटला का नीट? भात जरा जास्त शिजला घाईत. मुहन्नदला म्हणावं, पाहुण्यांकडून फोनवर पाचच्या पाच चांदण्या येऊ देत."



मुहन्नदने बटण घातलं. माणुसकी जपणारी कंपनी म्हणून पेपरात त्याचा दुसरा फोटो आला. पाहुण्यांनीही पैसे घातले.

चाळिसावा झाल्यावर कंपनीच्या मोटरसायकलवरून एक डबा आला. वस्फियाने उघडला. आत निळ्या काठाचं ताट होतं, घासून लख्ख केलेलं, रिकामं. तिने पुन्हा डब्यात हात घालून पाहिलं. मग ताट फळीवर उभं करून ठेवलं आणि कुणाला त्याला हात लावू दिला नाही.

उम्म सारीचा नवरा अबू सारी शाबान महिन्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी गेला. वस्फिया त्याच वर्षी, बकरी ईदनंतर चौथ्या दिवशी पहाटे गेली; ताट फळीवर तसंच रिकामं होतं.