ज्याचा टाका, त्याची बैठक आधी

मला विकत घेऊन घड्याळजींचा दुहेरी लाभ होणार होता. नव्या खोगिराच्या मानाने निम्म्याहून जास्त पैसे वाचणार होते आणि बायकोसमोर मान ताठ राहणार होती. दोन्हींपैकी दुसरा लाभ त्यांना अधिक प्यारा होता, हे मी लगेच ओळखले. मी एक जुने, चामडी खोगीर आहे, मित्रांनो. माणसाचा तोल कुठे जातो, ते मला त्याच्या आधी कळते.

माझा जन्म चांगल्या हातांत झाला. लाकडाचा सांगाडा, त्यावर लोकरीची भरती आणि वरून जाड चामडे. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर जाणाऱ्या गुरांच्या डॉक्टरांनी मला घेतले. अकरा वर्षे मी त्यांना गाई-म्हशींच्या दारापर्यंत पोहोचवले. "या खोगिरावर झोपलो तरी पडणार नाही," असे ते म्हणत, आणि कधी कधी खरोखरच डुलकी घेत. मग त्यांनी मोटारसायकल घेतली. मी गोठ्यातल्या ओल्या भिंतीवर खिळ्याला टांगला गेलो. आधी बुरशी आली, मग उंदीर आले. पुढे एका जुन्या सामानवाल्याने मला नेले, पोटभर तेल पाजले आणि असे चमकवले की माझे मलाच खोटे वाटावे.

तेल प्यायले, की मेलेले चामडेही मऊ लागते. घड्याळजी तिथेच फसले. त्यांनी मला वरून चेपून पाहिले, हुंगले आणि पैसे मोजले. बाजूला लोंबणारी माझी झडप मात्र उचलली नाही. अशा झडपांखाली दोन्ही बाजूंना पट्टे असतात. घोड्याच्या पोटाखालून जाणारा तंग त्यांनाच बांधतात. ते तुटले, की खोगीर आणि स्वार एकदमच जमिनीवर.

माझे पट्टे कुजले होते. हे फक्त मला ठाऊक होते.

मी जिच्यासाठी आलो, त्या घड्याळजींच्या मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत. वय अकरा, एका जागी बसणे ठाऊक नाही. घोडेस्वारीच्या शाळेत उडीचा वर्ग रविवारी सुरू होणार होता, आणि स्वतःचे खोगीर आणेल त्यालाच त्यात जागा होती. तिने मला पाहिले आणि माझ्या पाठीवर गाल टेकला. इतक्या वर्षांनी कोणी माया केली, आणि मला झडपेखालचे पट्टे आठवले.

एक शिवण उसवलेली दिसली, म्हणून बापलेक मला आरीकाकांकडे घेऊन गेले. घोड्याचे सामान दुरुस्त करणारे हे म्हातारे कारागीर. चामडे टोचायची आरी त्यांच्या हातातून जेवतानाच काय ती सुटत असावी. त्यांच्या पायाशी एक टोपली होती. दुरुस्तीला नालायक ठरलेल्या खोगिरांचे तुकडे तिच्यात पडले होते. काहींचे कुत्र्यांचे पट्टे झाले होते, काहींची किल्ल्यांची लटकणी. सगळे माझेच भाऊबंद. मी थरथरलो असतो, पण आम्हाला फक्त करकरता येते.

काकांनी माझी दोन्ही टोके धरून मला गुडघ्यावर दाबले. "सांगाडा ठणठणीत." मग झडप उचलली. पट्टा उलटा वाकवला, तसे त्यावर सुकलेल्या चिखलासारखे तडे उमटले. आरी टेकवली, ती भुशात शिरावी तशी आत गेली.

"पट्टे मेलेत," काका म्हणाले. "मुळापासून बदलायचे, म्हणजे बैठक उसवावी लागणार. पंधरा दिवस."

"रविवारी हवंय हो," घड्याळजी म्हणाले. "खालचा भाग कापून नवा तुकडा जोडून द्या की."

"कशाला जोडू? मेलेल्या कातड्यात टाका धरत नाही. जितके टाके तितकी भोकं, पुढे त्याच रेषेवर फाटतं. आणि इथून जाणाऱ्या प्रत्येक खोगिरावर आधी मी बसतो. ज्याचा टाका, त्याची बैठक आधी. माझ्या गुरूचा नियम आहे."

"काका, तुम्ही पडलात का कधी?" भिंगरीने विचारले.

"एकदाच. तेव्हापासून शिवायला लागलो, बाळ. त्याआधी नुसता टोचत होतो."

घड्याळजी हसले आणि मला उचलून बाहेर पडले. त्या क्षणी, मित्रांनो, मला हायसे वाटले. टोपली टळली होती. ही गोष्ट मला अजून बोचते.

केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणाऱ्या माणसाला एक पट्टा काय जड, असा घड्याळजींचा हिशेब. डोळ्याला भिंग लावून त्यांनी जेवणाच्या टेबलावर नवे तुकडे जोडले. टाके अगदी मोत्यासारखे आले. प्रत्येक टाक्याबरोबर मला आत काहीतरी सुटताना जाणवत होते.

भिंगरीची आई पोळपाट पुसता पुसता म्हणाली, "घड्याळ बंद पडलं तर वेळ चुकते. हे बंद पडलं तर?"

"तू नको काळजी करूस," ते म्हणाले. काळजी सगळी माझ्या वाट्याला आली.

रविवारी सकाळी मला शाळेतल्या भुरी नावाच्या घोडीच्या पाठीवर चढवले. तंग आवळला. भिंगरीने रिकिबीत पाय घातला आणि भार दिला. आत एक टाका तुटला. आवाज इतका बारीक, की फक्त मीच ऐकला. उतर, बाळ, उतर. मी जिवाच्या आकांताने करकरलो. नवे तेल मुरलेले; करकरही नीट उमटली नाही.

पण तिने पाय खाली घेतला. तिला वेगळेच काही आठवले होते.

"बाबा, टाका तुमचा ना? मग आधी तुम्ही बसा."

"मी? अगं, वर्ग तुझा आहे."

"काकांचा नियम आहे."

कुंपणापाशी इतर मुलांचे आईबाप उभे होते. मान ताठ ठेवायची, तर बसण्यावाचून गत नव्हती. घड्याळजी चढले. भुरी बारा पावले शहाण्यासारखी चालली आणि तेराव्या पावलाला वळली. डावा पट्टा त्या मोत्यांच्या रेषेवर सरळ फाटला. मी घोडीच्या पोटाखाली गेलो आणि घड्याळजी खांद्यावर आपटले. भिंगरी पांढरीफटक पडली होती. तिच्याकडे बघत ते मातीतूनच म्हणाले, "बरं झालं, तू नव्हतीस."

दुसऱ्या दिवशी भिंगरी आणि तिची आई मला आरीकाकांकडे घेऊन गेल्या. या वेळी पंधरा दिवस थांबायला कोणी कुरकुर केली नाही. काकांनी माझी बैठक उसवली, नवे पट्टे मुळापासून बसवले आणि सगळ्यांआधी स्वतः बसले.

मित्रांनो, जुन्या वस्तूची चकाकी पाहून भुलू नका. झडप उचला, पट्टा वाकवून पाहा. आम्ही आमचे दुखणे सांगू शकत नाही, आणि खरे सांगायचे तर कधी कधी लपवायलाही आम्हाला आवडते.

आता शेवटची गोळाबेरीज. भिंगरीचा वर्ग पंधरा दिवस उशिरा सुरू झाला, तिचे एवढेच गेले. सामानवाल्याचे काहीच गेले नाही. घड्याळजींचे वाचलेले पैसे काकांकडे गेले आणि हात गळ्यात अडकल्याने सहा आठवडे त्यांचे दुकान बंद राहिले. टोपली मला टाळायची होती, ती टळली. हाड मात्र त्यांचे मोडले.