अडकलेलं काचेचं बूच

काच कारखान्याच्या पॅकिंग शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. डोळ्यांचं औषध देणाऱ्या महाराजांनी घट्ट झाकणाच्या डब्यातून चिमट्याने फिकट पिवळा खडा उचलला आणि पाण्याच्या वाडग्यात सोडला. फस्स! खाली ना चूल, ना बर्नर, आणि थंड पाणी खदखदायला लागलं.

"आग दिसली कुणाला? नाही ना! ती सत्त्वात असते. हेच पाणी निवलं की डोळ्यातला मळ जाळतं. लपवाछपवी नाही बरं का, हे पोटॅशियम ऑक्साइड. तुमच्याच काचेतलं! मी फक्त त्यात प्राण फुंकला."

मग खिशातली कुपी काढून त्यांनी स्वतःच्या डोळ्यात दोन थेंब टाकले आणि हसून दाखवलं.

भट्टीवाल्यांच्या माना डोलल्या. मिश्रण खात्याच्या फळ्यावर पोटॅशियम ऑक्साइडचं प्रमाण रोज लिहिलेलं असायचं. पोटॅशची पोती तर ते उघड्या हातांनी रिकामी करायचे. हाताला फार तर खाज सुटायची. ओळखीच्या वस्तूला काय भ्यायचं?

सगळ्यात पुढे आप्पा बसले होते, शेजारी त्यांची लेक. जन्मभर भट्टीसमोर नळी फुंकणाऱ्या आप्पांच्या दोन्ही डोळ्यांपुढे आता धूर होता. डॉक्टर म्हणाले होते, मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करू. आप्पा म्हणाले होते, डोळ्याला सुरी लावू देणार नाही. आणि फोरमनने बजावलं होतं, दिसत नसेल तर नळी दुसऱ्याच्या हातात देईन.

महाराजांनी आधी दिलेल्या सौम्य थेंबांनी आप्पांचे डोळे नुसतेच चुरचुरले होते.

"जुनाट मळ! कडक मात्रा लागेल," महाराज म्हणाले. "आज डावा, उद्या उजवा. ओरडावंसं वाटलं तर समजा, मळ सुटतोय."

आप्पांनी स्वतः फुंकलेली, घासून बसवलेल्या काचेच्या बुचाची बाटली पुढे केली. महाराजांनी वाडग्यातलं निवलेलं पाणी तिच्यात भरून दिलं.

त्या संध्याकाळी घरी डाव्या डोळ्यात थेंब पडताच आप्पा गडाबडा लोळले. मळ सुटतोय म्हणून कुणी डोळा धुतला नाही. सकाळी डावा डोळा दुधी काचेसारखा पांढरा झाला होता.

"मळ वर आलाय," आप्पा हट्टाने म्हणाले. "उजव्यात घाला."

पण बूच फिरेना.

"कारखान्यातल्या लॅबवाल्या बाईंना विचार गं, कसं सोडवायचं ते."

लेक धावली. बाईंना नवल वाटलं. "आप्पांच्या हातचं बूच अडकलं? ठेवलंय काय त्यात?"

लेकीने सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. "अगं, कडक अल्कली, म्हणजे जाळणारा क्षार, काच खाते, म्हणून बूच चिकटलं! काच खाणारं पाणी डोळ्याचं काय करेल?"

"पण ते आपल्या पोत्यातलंच ना? फळ्यावर तर..."

"फळ्यावर हिशेबापुरतं ऑक्साइड लिहितो. पोत्यात असतं कार्बोनेट. भट्टीत त्यातला वायू उडून जातो आणि काचेत ऑक्साइड उरतं, म्हणून तसा हिशेब. सुटं ऑक्साइड पाण्यात पडलं की पाणी उकळतं आणि मागे राहतं कॉस्टिक पोटॅश. चरबीचा साबण करतात त्याने! पळ!"

आप्पा थांबले नव्हते. भट्टीवालेच ते, बाटलीची मान गॅसवर शेकून बूच काढलं होतं. आप्पा आडवे, आणि आईच्या हातात ड्रॉपर, उजव्या डोळ्याच्या वर.

"आई, थांब!"

लेकीच्या फटक्याने ड्रॉपर उडाला, बाटली फुटली.

"कार्टे! माझी शेवटची आशा फोडलीस!" आप्पा जमिनीवर चाचपडत काचा शोधू लागले. लेकीने त्यांना ओढत नळाखाली नेलं, आधी हात धुतले, मग डोळे.

"पाणी हवं होतं, आप्पा. कालच. नुसतं पाणी, भरपूर."

आई बादली भरून घेऊन आली.

डावा डोळा गेला तो गेलाच. उजव्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा आप्पांनी आधी लेकीच्या मनगटावरचा डाग पाहिला. उडालेल्या थेंबांनी कातडी भाजली होती.

मग ते लॅबवाल्या बाईंना घेऊन शेडमध्ये गेले. आज पुढच्या रांगेत एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन बसली होती. वाडगा खदखदला, खिशातून कुपी निघाली.

"ती नको, महाराज," आप्पा म्हणाले. "तिच्यात साधं पाणी आहे. मला दिलं होतंत ना, त्यातलं घाला."

"श्रद्धा नसेल तर औषध उलटतं, बाबा रे!"

"माझी होती. भरपूर होती." आप्पांनी पांढरा डोळा गर्दीकडे वळवला. लॅबवाल्या बाईंनी आपल्या डब्यातला तसलाच खडा पाण्यात टाकला. तेच फस्स, तीच वाफ. "बाईंनी त्यात प्राण फुंकला का? नाही. रसायनाला आपली श्रद्धा कळत नाही. ते काच खातं, चरबी खातं, डोळा खातं. चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच सांगा: याच बाटलीतलं, आधी तुझ्या डोळ्यात."

महाराज डब्याचं झाकण शोधत होते. पुढच्या रांगेतली बाई उठली आणि मुलाचा चेहरा पदराने झाकून बाहेर पडली.

मागून एकेक जण उठू लागला.