आठ पानांतलं उरलेलं एक

मी बायोडेटा बोलतोय, आणि रागानेच बोलतोय. आज एका सॉफ्टवेअर कंपनीच्या फायलीत मी एकच पान उरलोय. कधीकाळी आठ पानांचा होतो.

माझा जन्म संख्याशास्त्र विभागातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर झाला. आमच्या बाई तिथे शिकवायच्या. दरवर्षी माझ्यात दोन-चार ओळी वाढायच्या. पीएच.डी. मिळाली तेव्हा तर बाईंनी मला तीनदा छापून पाहिलं, ती ओळ पुरेशी ठळक दिसेना म्हणून! आणि विभागप्रमुख? ते दरवर्षी गाजर दाखवायचे, "यंदा जमलं नाही हो बाई, पुढच्या वर्षी तुम्हाला नक्की कायम करू." अशी नऊ वर्षं गेली. दहाव्या वर्षी त्यांनी स्वतःच्या भाच्याला कायम केलं आणि बाईंच्या तोंडाला पानं पुसली.

बाईंनी सहा महिन्यांचा प्रोग्रामिंगचा कोर्स केला आणि मला मावसभावापुढे ठेवलं. हा आयटीतला शहाणा. पाय पसरून चहा पीत त्याने मला कात्री लावली.

"ताई, पीएच.डी. दिसली की बिचकतात ते. उडव. शिकवणंपण उडव, मास्तरीण म्हणतील."

"अरे, मग राहिलं काय?"

"कोर्स राहिला ना!"

बाईंनी मुकाट्याने एकेक ओळ पुसली. काय वाटलं असेल मला!

मुलाखतीला मी टेबलावर पडलो होतो. समोरच्या तरुण मॅनेजरने माझ्यावर पेन टेकवलं.

"मॅडम, एम.एस्सी. झाल्यावर नऊ-दहा वर्षं काहीच दिसत नाही. घरी होतात का?"

हजारभर मुलं हाताखालून गेलेली बाई! मला वाटलं, आता सांगतील. आता तरी ठणकावून सांगतील.

"हो," बाई म्हणाल्या. "घरीच होते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नोकरी मिळाली, शिकाऊ म्हणून. मिळायलाच हवी होती, तिथे त्या भल्याभल्यांना मागे टाकतील. नोकरीवर माझा राग नाहीच. राग आहे त्या प्रमुखांवर, त्या शहाण्यावर, आणि खरं सांगतो, बाईंवरही.

कारण माझ्या तळाशी छापलंय, 'वरील सर्व माहिती खरी व संपूर्ण आहे', आणि त्याखाली त्यांची सही आहे. बाई, माझी सात पानं परत नका देऊ. पण एकदा येऊन ती सही तेवढी खोडून जा.