डावीकडची सीट

डाव्या हाताने स्वतःचंच उजवं मनगट धरून मॅडमनी ते जुन्या गाडीच्या टपापर्यंत नेलं, ‘शिकाऊ’ पाटीच्या दोरीवर टेकवलं आणि मग बोटांनी गाठ मारली. गाठ मारता मारता त्या मनाशी मोजत होत्या, की हा खटारा दारात ठेवण्यात सरांचा फायदा नेमका किती.

पहिला फायदा नावाचा. ‘आमच्याकडे शिकलेला माणूस टेम्पोपासून बसपर्यंत काहीही वळवतो,’ हे वाक्य सर नव्या माणसाला चहाच्या आधी पाजत. दुसरा तत्त्वाचा. तत्त्व पाळणं सोपं असतं. भार तेवढा दुसऱ्याच्या खांद्यावर पडला की झालं. तिसरा फायदा नव्या गाडीच्या रूपात समोर सावलीत उभा होता, पांढराशुभ्र, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेला, आणि सर रुमालाने त्याचा आरसा पुसत होते.

सर म्हणजे मॅडमचे यजमान. ड्रायव्हिंग स्कूल दोघांचं. शिकणाऱ्यांसमोर ते एकमेकांना सर आणि मॅडम म्हणत, घरी अहो आणि अगं. बावीस वर्षांत ही हद्द कोणी ओलांडली नव्हती.

नियम सरांचे. शिकणाऱ्याने पहिले दहा दिवस जुनी गाडी चालवायची, मॅडमच्या हाताखाली. शेवटचे पाच दिवस नवी, सरांच्या देखरेखीत. जुनीचं स्टीअरिंग साधं, कसलीच मदत नसलेलं. सावकाश चाललेल्या गाडीत ते फिरवायचं तर ओला गालिचा पिळल्यासारखं अंग लागे. नवीला इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग. आत कुठेशी एक मोटर बसलेली, तुम्ही चाकाला हात लावायचा अवकाश, जोर तीच लावते. गल्लीत एका बोटाने वळतं, वेग वाढला की आपणहून जरा घट्ट होतं.

आता शिकवणाऱ्याचं काम बाहेरून दिसतं तसं नुसतं ‘क्लच सोडा, क्लच सोडा’ म्हणण्याचं नसतं. शिकणारा उजवीकडे बसतो, शिकवणारा डावीकडे. शिकणाऱ्याची गाडी कडेला झुकली, की डावीकडच्याने आडवा हात घालून चाक ओढायचं. पायाशी जादा ब्रेक असतो, पण दर वेळी तो दाबला तर मागचा माणूस डिकीत येऊन बसेल. म्हणून हात. उजवा, एकटा, वाकडा, बसल्या जागेवरून. दिवसाला चाळीस वेळा तरी. या हिशेबाचा मॅडमनी कधी गुणाकार केला नव्हता, कारण उत्तर खांद्यात होतंच.

नर्सबाई वेळेवर आल्या. चाळिशीच्या, पांढऱ्या बुटांतल्या. घरोघरी जाऊन रोग्यांना बघण्याची नोकरी त्यांना मिळाली होती. अट एकच, गाडी स्वतः चालवायची. परवा परीक्षा होती.

“मॅडम, मनगट धरून हात उचलता आहात,” त्या आल्या आल्याच म्हणाल्या.

“सवय झालीय.”

“सवय नाही, आजार आहे तो. काल बोलले ना? आणखी वर्षभर असंच ओढलंत तर हा हात खांद्याच्या वर जाणं कायमचं बंद होईल. मग ओढायलाही उरणार नाही.”

मॅडमनी नव्या गाडीकडे पाहिलं. मग तिकडे चालत गेल्या.

“सर, सिस्टरना आजपासून ही देते. आणि आजपासून मीही हिच्यातच बसेन. जुनीवर तुम्ही बसा.”

सरांनी रुमालाची घडी घातली. “सिस्टरचे आठच दिवस झालेत.”

“परीक्षा परवा आहे.”

“परीक्षा येते नि जाते, हात जन्मभराचा असतो. मॅडम, ही गाडी मुकी आहे. खडी आली, सांगत नाही. टायर बसला, सांगत नाही. जुनीचं चाक रस्त्याची बातमी आणून तळहातावर ठेवतं. हिच्यावर शिकलेला म्हणजे नुसता बसलेला.”

बाकावर आपल्या पाळीची वाट पाहत निवृत्त पोस्टमास्तर बसले होते. साठीनंतर गाडी शिकायला निघालेला माणूस. त्याला कोणाची भीती नसते.

“मग सर, आपण रोज त्या मुकीपाशीच कसे बसता?”

“शेवटची सफाई अनुभवी माणसानेच करावी लागते, पोस्टमास्तर.”

“आणि पहिली घाण?” मॅडमनी विचारलं.

सर हसले. चारचौघांत बायको बोलली की ते कौतुकाने हसत. “आमच्या मॅडमचा हात म्हणजे लोखंड. बावीस वर्षांत एकदा तक्रार नाही. विचारा कुणालाही.”

मॅडमच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तक्रार नाही! गेल्या महिन्यात डॉक्टरांचा कागद त्यांनी जेवताना ताटाशेजारी ठेवला होता. सरांनी पाणी पिऊन भांडं त्यावरच ठेवलं होतं आणि म्हणाले होते, शेक घे. हेच ‘लोखंड’ ऐकून बायका शिकायला येत, पुरुष मान डोलावत, आणि लोखंडाला कुठे दुखतं का, म्हणून पुन्हा कोणी विचारत नसे.

त्यांनी सरांच्या बोटातून किल्ली काढून घेतली. ओढून नाही. शिकणाऱ्याच्या हातून घेतात तशी, शांतपणे.

“बसा सिस्टर.”

पहिली दहा मिनिटं नर्सबाई लहान मुलीसारख्या हसत होत्या. “अगंबाई, हे तर लोण्यासारखं आहे! मग मी आठ दिवस कोणाशी कुस्ती खेळत होते?”

“हं. हात ढिला ठेवा. पुढे बघा.”

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनाही एक गोष्ट जाणवत होती आणि तिचा त्यांना संताप येत होता: सर खोटं बोलत नव्हते. गाडी खडीवरून गेली ती फक्त कानाला कळली. सवयीने त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं चाकाला लावून पाहिली. जुनीत अशी बोटं टेकली, की पुढचा टायर काय म्हणतो, शिकणारा घाबरलाय की पेंगतोय, सगळं त्या बोटांना कळे. इथे एक गुळगुळीत गप्पपणा होता, बँकेच्या खिडकीमागच्या माणसासारखा. माणूस चुकीचं वागतो हे ठीक, पण चुकीचं वागून वर बोलतो ते खरं असावं, याचा जास्त राग येतो.

शाळेच्या कुंपणाशी रस्ता वळत होता. कडेला एक सायकलवाला पाय टेकून उभा होता. गाडी त्याच्याकडे झुकली. थोडीच.

मॅडमचा हात आडवा गेला. विचार करून गेला नव्हता, तो कधीच विचार करून जात नसे. बावीस वर्षांत जेवढा जोर लागत आला होता तेवढा सगळा त्याने लावला.

चाकाने तो जोर घेतला आणि वर मोटरने आपलाही घातला. गाडी उजवीकडे उडी मारल्यासारखी फिरली, पलीकडच्या फुटपाथवर चढली आणि मॅडमचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत बुटक्या भिंतीला जाऊन भिडली. बंपर कडकन वाजला.

सायकलवाला जागचा हललाही नव्हता. समोरून काही येत नव्हतं, हे नशीब.

नर्सबाईंनी दोन्ही हात मांडीवर घेतले. 

“मॅडम, मी वळवत होते. खरंच वळवतच होते.”

मॅडम आपल्या उजव्या तळव्याकडे बघत होत्या, कोणी परक्याने तिथे विसरलेल्या वस्तूकडे बघावं तशा.

परत आल्या तेव्हा सरांनी आधी बंपर पाहिला, मग आकाश, मग पोस्टमास्तर. संतापलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर समाधान कसं दिसतं ते त्या दिवशी पाहावं.

“सांगत होतो की नाही? मुकी आहे, मुकी! सिस्टर, चाक कळायच्या आत हलकी गाडी हातात घेतली की हेच होतं. आता परवाची परीक्षा विसरा. पुन्हा जुनीवर, पुरते दहा दिवस.”

त्या स्कूलचा, आणि खरं तर कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलचा, न लिहिलेला कायदा असा, की ठोकर झाली तर ती शिकणाऱ्याची. तो शिकतोच आहे, त्याचं काय जातं? शिकवणाऱ्याचं नाव जातं. नर्सबाईंनाही तो कायदा माहीत असावा. त्या मान खाली घालून पर्सचा पट्टा चाचपत होत्या. पुढची परीक्षा महिन्याने मिळाली असती, आणि त्यांची नोकरी तोवर थांबणार नव्हती.

मॅडमनी गप्प राहायचं होतं, एवढंच.

“त्यांनी नाही ठोकली,” त्या म्हणाल्या. “मी ओढलं.”

“मॅडम, आत जाऊन बोलू.”

“इथेच बोलू. त्या बरोबर चालवत होत्या. मी ओढलं, जुनीला ओढते तसं. परवा त्या परीक्षेला जाणार. आणि अहो, तुम्ही जरा या माझ्याबरोबर.”

‘अहो’ म्हटल्यावर पोस्टमास्तर बाकावर सरळ बसले.

मॅडम जुन्या गाडीत उजवीकडे बसल्या आणि हात लांब करून डावं दार आतून ढकललं. सर उभेच.

“हे काय नाटक?”

“बसा. सगळे बघतायत.”

या एका कारणासाठी सर काहीही करत. ते बसले. बावीस वर्षांत त्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. गुडघे कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना.

“मी शिकणारी. बावळट. भिंतीकडे निघालेय,” मॅडमनी पहिला गिअर टाकला. “तुम्ही मला वळवा. ब्रेक दाबायचा नाही, मागे टेम्पो आहे असं समजा.”

स्कूलसमोरच्या मैदानाच्या टोकाला भिंत होती. गाडी माणसाच्या चालीने निघाली. साधं स्टीअरिंग सगळ्यात जड असतं ते याच चालीला. मॅडमनी चाक घट्ट धरलं, घाबरलेला शिकणारा धरतो तसं. रोज सकाळी सहा जण धरतात तसं.

सरांनी आडवा हात घातला. चाक जराही हललं नाही.

“सोड ना जरा!”

“शिकणारा सोडत नसतो.”

सर वळले, दुसराही हात घालू लागले.

“एका हाताने,” मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण दातांतून येत होता. “दुसऱ्या हाताने दार धरायचं. नाहीतर माझ्या मांडीवर येऊन पडाल. शिकायला परके पुरुषही येतात, अहो. एका हाताने.”

भिंतीच्या विटा मोजता येऊ लागल्या. सरांच्या मानेची शीर उभी राहिली. त्यांच्या तोंडून एक बारीक, लाज वाटण्यासारखा आवाज निघाला, चाक चारेक बोटं फिरलं, आणि तेवढ्यात त्यांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी गचका खाऊन थांबली. भिंत हातभर अंतरावर होती.

“टेम्पोने ठोकलं मागून,” मॅडम म्हणाल्या. “आता परत. ही एकदा झाली. चाळीस करायच्यात.”

सर दार उघडून उतरले आणि खांदा न चोळता ऑफिसात गेले. न चोळण्यासाठी किती जोर लागतो ते मॅडमना पाठ होतं.

पोस्टमास्तर मात्र बाकावरून म्हणाले, “मॅडम, मला त्या मुकीवरच शिकवा. या वयात बोलणाऱ्या गाड्या नकोत. घरात एक आहे.”

मॅडम हसल्या नाहीत, पण नव्या गाडीकडे गेल्या. उरलेल्या दिवसभर त्या डावीकडे बसल्या आणि उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला. तो दर वळणाला उठू बघत होता. संध्याकाळपर्यंत त्या आठ वेळा तोंडाने बोलल्या, आठ वेळा गाडी सरळ झाली, आणि एवढ्यानेच भागत होतं म्हणून दर वेळी त्यांना आधीपेक्षा जास्त राग आला.

घरी आल्यावर सर खुर्चीवर शर्ट अर्धा काढून बसले होते. दुसरी बाही निघत नव्हती.

“अगं, ती बामची बाटली कुठे असते?”

“कपाटात. सगळ्यात वर.”

“काढून दे ना.”

मॅडमनी पर्स ठेवली. त्या कपाटाकडे गेल्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या.

“माझा हात तिथवर पोचत नाही.”

“स्टूल घे की.”

“घेतलं होतं. डाव्याने फळी धरली की उजवा वर जात नाही. तीन वर्षं झाली.”

सर एका बाहीत अडकलेले तसेच उठले, डाव्या हाताने वरच्या फळीवर चाचपलं. तिथून आधी जुनी दिनदर्शिका आली, मग लग्नातली एक समई, मग काळपट पडलेली बाटली. तिघांवरही सारखीच धूळ होती. त्यांनी ती झटकली नाही. झाकण दातांत धरून फिरवलं. आत बाम नव्हता. होता तो सुकून तळाला वडी झाला होता, आणि त्याला वास उरला नव्हता.

बाटली हातात घेऊन ते मॅडमकडे वळले. मॅडमनी त्यांना बसा म्हटलं नाही.

एकूण हिशेब असा, की त्या दिवशी गाडीने बंपर दिला, नर्सबाईंच्या वाट्याला एक धसका आला, आणि सरांनी एक हात दिला, तोही दोन दिवसांपुरता. बाकीचं मॅडमनी आधीच भरून ठेवलं होतं.